हप्ता दर महिन्याला कटतो, तरी सिबिलमध्ये थकबाकी दिसते : एका हुकलेल्या हप्त्याचा माग

"दादा, जूनचा एक हप्ता हुकला, ते मी मान्य करतो. पण त्याच्यानंतर दर महिन्याले बरोबर पाच तारखेले पैसे कटून राहिले. मग पाच महिने थकबाकी काऊन दाखवून राहिले?"

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. पगारपत्रक माझ्याकडे असतं, म्हणून कर्जाचे कागदही लोक माझ्याच टेबलावर आणून ठेवतात. हा प्रश्न विचारणारा आमच्याकडचा फिटर. बेसा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट त्याने पसंत केला होता, पण गृहकर्जाचा अर्ज परत आला. कारण एका ओळीचं : दुचाकीच्या कर्जात वारंवार थकबाकी. त्याच्या मते थकबाकी एकदाच झाली होती. पासबुकात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे चारही हप्ते कटलेले दिसत होते. तो खोटं बोलत नव्हता आणि सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, तोही चुकीचा नव्हता. ही गोष्ट समजायला मला स्वतःच्या कर्जाच्या वेळी फार उशीर लागला होता, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

आधी रिपोर्टमधले आकडे नीट बघा. प्रत्येक कर्जाखाली मागच्या ३६ महिन्यांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. त्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे माहिती कळवली त्या दिवशी सर्वांत जुनी थकलेली रक्कम किती दिवस थकलेली आहे. ००० म्हणजे काही थकलेलं नाही. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती कर्ज देणाऱ्याने कळवलेलीच नाही, तो दोष तुमचा नाही. फिटरच्या रिपोर्टमध्ये जून २५, जुलै २६, ऑगस्ट २६, सप्टेंबर २५, ऑक्टोबर २६ असे आकडे होते. वाढत नाहीत आणि शून्यावरही येत नाहीत. असा एकाच जागी अडकलेला आकडा दिसला की रोग जवळपास ओळखला म्हणून समजा.

आता तो आकडा तिथे का अडकतो ते बघू. हप्ता ₹४,२००, तारीख ५. पाच जूनला खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. पाच जुलैला पैसे कटले. आपण समजतो की हा जुलैचा हप्ता गेला. कर्जाच्या खात्यात मात्र आलेला पैसा सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतो. म्हणजे त्या ₹४,२०० मधून जून मिटला आणि जुलै उघडा पडला. ५ जुलै ते ३१ जुलै, २६ दिवस. पाच ऑगस्टच्या पैशाने जुलै मिटला, ऑगस्ट उघडा. पुन्हा २६. कर्ज संपेपर्यंत हे असंच चालतं. एक हप्ता कायम मागे राहतो आणि दर महिन्याची चौकट खराब होत जाते. माणूस प्रामाणिकपणे दर महिन्याला पैसे भरत असतो आणि त्याच्या नावावर दर महिन्याला नवी थकबाकी नोंदली जात असते.

ज्यांचे दोन हप्ते असे मागे राहिले आहेत त्यांचा आकडा ५५ ते ५७ च्या आसपास अडकलेला दिसेल. आणि आकडा दर महिन्याला तीसेक दिवसांनी वाढत असेल, तर हप्ते कटतच नाहीयेत. तो आजार वेगळा, पुढे त्यावर येतो.

पासबुकात हे कधीच दिसत नाही, कारण पासबुक तुमच्या बचत खात्याचं. कर्जाचं खातं वेगळं. त्याचा उतारा, ज्याला सगळे स्टेटमेंट ऑफ अकाउंट किंवा नुसतं एसओए म्हणतात, तो कर्ज देणाऱ्याच्या ॲपवर मिळतो, नाहीतर शाखेत मागावा लागतो. परतफेडीचं वेळापत्रक देऊन बोळवण करतील, ते घेऊ नका. वेळापत्रकात फक्त काय भरायचं होतं ते असतं. एसओएमध्ये कोणत्या तारखेला किती देणं झालं, किती जमा झालं आणि किती बाकी राहिलं हे असतं. त्यात ओव्हरड्यू, म्हणजे थकबाकी, अशी ओळ शोधा. फिटरच्या कागदावर हप्त्याचे ₹४,२०० आणि त्याखाली हप्ता परत गेल्याचा आकार, उशिराचा दंड असं वेगळं देणं साचलेलं होतं.

या दंडाबद्दल एक माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद केलं. उशिराबद्दल आता दंडात्मक आकार लावता येतो, तो मुद्दलात मिसळता येत नाही आणि त्याच्यावर आणखी व्याज लावता येत नाही. तुमच्या एसओएमध्ये दंडावर दंड चढलेला दिसला तर लेखी विचारा.

माझ्या वेळचं सांगतो. पगाराचं खातं कारखान्याने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेलं. कर्जाचा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, जुन्या खात्यावरच राहिला. एक हप्ता परत गेला, नंतर मी मॅन्डेट बदलला आणि निश्चिंत झालो. ज्या कंपनीचं कर्ज होतं तिच्या ग्राहकसेवेला मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा "सर, तुमचा या महिन्याचा हप्ता आला आहे" एवढंच उत्तर मिळालं. मागचा एक बाकी आहे, हे कोणी म्हटलं नाही. आठ महिने तसेच गेले. मला त्या माणसांचा राग नाही, त्यांच्या पडद्यावर जे दिसतं ते ते वाचतात. पण विचारायचा प्रश्नच मला माहीत नव्हता. प्रश्न असा विचारा : "आजच्या तारखेला माझ्या खात्यावर एकूण ओव्हरड्यू किती आहे, हप्ता आणि आकार वेगळे करून सांगा, आणि ते ईमेलवर पाठवा."

पैसे भरतानाही एक खड्डा आहे. ॲपमध्ये पैसे भरायला गेलात की बऱ्याचदा दोन-तीन पर्याय दिसतात. ओव्हरड्यू भरा, पुढचा हप्ता आगाऊ भरा, पार्ट पेमेंट करा. घाईत पार्ट पेमेंट दाबलं तर ती रक्कम मुद्दल कमी करायला जाऊ शकते किंवा जादा जमा म्हणून नुसती पडून राहू शकते, आणि थकलेला हप्ता जिथल्या तिथे. त्यामुळे ओव्हरड्यूचाच पर्याय निवडा, पावती ठेवा आणि त्याच दिवशी एक ईमेल टाका. मी फिटरला लिहून दिलेला मजकूर असा होता :

"माझ्या कर्ज खात्यात जूनचा हप्ता व त्यावरील आकार थकीत होता. ती संपूर्ण रक्कम आज भरली आहे, पावती जोडली आहे. ही रक्कम थकबाकीतच जमा करावी, आगाऊ हप्ता किंवा मुद्दलाची अंशतः परतफेड म्हणून धरू नये. थकबाकी शून्य झाल्याचा खाते उतारा पाठवावा आणि पुढील अहवालात चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना तसे कळवावे."

चारही म्हणण्याचं कारण आहे. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पुढची बँक कुणाचा रिपोर्ट काढेल ते तिच्यावर असतं. चौघींकडून प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट दर कॅलेंडर वर्षात फुकट मिळतो, २०१७ पासून तसा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर, म्हणजे आपली पत मोजणारा आकडा, कमी होत नाही. ही भीती मी सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. स्कोअर उतरतो तो कर्जासाठी ठिकठिकाणी अर्ज केल्याने, कारण प्रत्येक बँकेची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. एक अर्ज परत आला म्हणून बर्डीच्या बाजारातल्या आणखी चार बँकांत त्याच आठवड्यात अर्ज टाकू नका. आधी थकबाकी मिटवा.

वसुलीवाला दारात उभा असतो तेव्हा माणूस घाबरून त्याच्या फोनवर यूपीआय करून मोकळा होतो. तसं करू नका. पैसे कर्ज खात्यातच गेले पाहिजेत आणि पावतीवर कर्जाचा नंबर पाहिजे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

मुळात हप्ता हुकतो कशाने

आमच्याकडे बघितलेल्या प्रकरणांत पैसे नसणं हे कारण असतंच, पण फार वेळा पैसे असतात आणि दिवस चुकतो. पगार सातला, हप्ता पाचला. दर महिन्याला नात्यातून उसने घेऊन पाच तारीख गाठायची, एखाद्या महिन्यात ते जमत नाही. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे हप्त्याची तारीख बदलून मागणं. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन ठरावीक तारखांचा पर्याय असतो. अर्ज करा, नवा मॅन्डेट द्या, आणि नवा चालू होईपर्यंतचा एखादा हप्ता हाताने भरायची तयारी ठेवा. अर्ज दिला म्हणून जुना मॅन्डेट त्या क्षणी थांबत नाही.

दुसरं कारण रविवार. पूर्वी पाच तारीख रविवारी आली की हप्ता सोमवारी कटायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे आपोआप हप्ता कापणारी यंत्रणा, रविवारी आणि बँकेच्या सुटीलाही चालते. पोळ्याची किंवा दिवाळीची सुटी आहे म्हणून हप्ता थांबत नाही. पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात असू द्या. सकाळी दहाला भरून उपयोग होईलच असं नाही, कारण पहाटेच प्रयत्न होऊन गेलेला असू शकतो. आणि किमान शिल्लक, एसएमएसचा आकार, विम्याचा वार्षिक हप्ता अशा बारीक कपातींनी ₹४,२०० चे ₹४,१६० झाले, तरी हप्ता पूर्ण परत जातो. चाळीस रुपयांसाठी अख्खा हप्ता परत गेलेला मी बघितला आहे. हप्त्याच्या खात्यात एका हप्त्याइतकी जादा शिल्लक पडून राहू देणं ज्याला परवडतं त्याने ते करावंच.

हप्ता परत गेल्यावर लगेच हाताने भरला, तर कर्ज देणारा तो पुन्हा खात्यातून कापायचा प्रयत्न करणार आहे का हे विचारून घ्या. दोनदा पैसे गेल्याची उदाहरणं आहेत, मग दुसरंच काही बाउन्स होतं.

"दोन दिवसांत भरला तर सिबिलला जातो का?" असं हमखास विचारतात. कर्ज देणारे ठरावीक तारखांना खात्यांची स्थिती कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला एकदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची, कळवायची आहे. पाचचा हप्ता आठला भरला तर पंधराला थकबाकी शून्य असते. पण हप्ता १२ किंवा २८ तारखेचा असेल तर दोन-चार दिवसांचा उशीरही त्या चित्रात पकडला जाऊ शकतो. आणि चित्रात आला नाही म्हणून लपला असंही नाही. गृहकर्जाला बँक मागच्या कित्येक महिन्यांचं खाते विवरण मागते, त्यात परत गेलेला प्रत्येक हप्ता छापलेला असतो.

आकडा वाढत चालला असेल तर

इथे वेळ फार महत्त्वाचा आहे. थकबाकीला ३० दिवस होईपर्यंत खातं एसएमए-० मध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या खात्यांच्या पहिल्या पायरीवर असतं, पुढे ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यापलीकडे एनपीए, म्हणजे बुडीत. दिवस मोजले जातात, हप्ते नाही. पाच जूनचा हप्ता आणि त्यानंतरचे दोन थकले, तर ५ जूनपासून ९० दिवस ३ सप्टेंबरला पूर्ण होतात. म्हणजे चौथा हप्ता यायच्या आधीच खातं बुडीतच्या उंबरठ्यावर असतं. लोक "तीनच तर हप्ते आहेत" म्हणतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

एनपीए झाल्यावर एक हप्ता भरून खातं वर येत नाही. व्याज आणि मुद्दल मिळून सगळी थकबाकी भरली, तरच ते पुन्हा नियमित धरलं जातं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळे हातात पैसे थोडेच असतील आणि दोन कर्जं थकली असतील, तर ज्याला ९० दिवस जवळ आले आहेत त्याच्यात आधी घाला. दोन्हीकडे अर्धं-अर्धं वाटल्याने दोन्ही खाती बुडू शकतात. (पीककर्जाचं गणित वेगळं आहे, तिथे दिवसांऐवजी पिकाचे हंगाम मोजतात. कापूस-सोयाबीनवाल्या भावांनी वरचे ९० दिवस आपल्या पीककर्जाला लावू नयेत.)

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर हप्ता हुकण्याच्या आधी जाऊन लेखी सांगा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का विचारा. अशा पुनर्रचनेचीही नोंद रिपोर्टमध्ये होते, हे कळून मगच सही करा.

आणि तडजोड. "एवढे भरा, बाकी सोडून देतो" असा फोन आला की फार हायसं वाटतं. पण खातं बंद होताना त्यावर क्लोज्ड ऐवजी सेटल्ड असं लागतं, आणि पुढचा कर्जदेता त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेतो. भरणं शक्य असेल तर पूर्ण भरा. तडजोड झालेलीच असेल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून देतील का, हे लेखी विचारता येतं.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडक्यात. किमान रक्कम भरली तर थकबाकी लागत नाही, पण व्याज चालू राहतं. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच कार्ड कंपनी खातं थकीत म्हणून कळवू शकते आणि उशिराचा आकार लावू शकते. ही तीन दिवसांची सवलत कार्डाची आहे, कर्जाच्या हप्त्याची नाही. दोन्हींची गल्लत फार होते. न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकून रिपोर्ट खराब झालेला असेल तर फी मिटवून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ₹५०० दंड तुम्हाला मिळतो.

जामीनदारांसाठीही एक वाक्य. साल्याच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या ऑटोला सही दिली असेल, तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही दिसतं. आपला रिपोर्ट काढताना त्या ओळीही वाचा.

पैसे भरले, तरी नोंद चुकीचीच असेल तर

एसओएमध्ये थकबाकी शून्य आणि रिपोर्टमध्ये बाकी, किंवा कधी न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर, अशा वेळी त्या क्रेडिट माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन डिस्प्युट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्यालाही लिहा. सिबिल स्वतःहून आकडा बदलू शकत नाही. कर्ज देणाऱ्याने दुरुस्ती पाठवली तरच तो बदलतो. त्याला त्यासाठी २१ दिवस असतात आणि सगळं प्रकरण ३० दिवसांत संपायला हवं. न संपल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाचे ₹१०० भरपाई म्हणून तुम्हाला द्यायचे आहेत; हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. फोनवरच्या तक्रारीची तारीख सिद्ध करता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. यासाठी लोक सुटी काढून संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जातात. तसं जायची गरज नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर होते, टपालाने चंदीगडच्या केंद्राकडे पाठवता येते आणि चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही.

खरी नोंद मात्र कोणीही पुसून देऊ शकत नाही. "पंधरा दिवसांत सिबिल साफ" म्हणून पाच-दहा हजार मागणारे जे करतात ते एवढंच, तुमच्या नावाने तोच फुकटचा डिस्प्युट टाकतात. त्यासाठी तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी त्यांच्या हातात जातो. आमच्या दोघा कामगारांनी असे पैसे घालवले. ते त्यांचे ओव्हरटाइमचे पैसे होते, आणि तेवढ्यात त्यांची सगळी थकबाकी मिटली असती.

फिटरने थकलेला हप्ता आणि आकार मिळून जी रक्कम निघाली ती नोव्हेंबरातच, दिवाळीच्या बोनसमधून भरली. उतारा आठ दिवसांनी आला, ओव्हरड्यू शून्य. डिसेंबरच्या रिपोर्टमध्ये नोव्हेंबरच्या चौकटीत ००० दिसले. मागचे पाच आकडे आहेत तसेच आहेत, ते तीन वर्षं मागे सरकत सरकतच जातील. त्याला मी सहा शून्यं ओळीने होऊ दे, मग उताऱ्यासकट अर्ज कर असं सांगितलं आहे. फ्लॅटवाल्याशी तो मे महिन्यापर्यंत थांबण्याचं बोलून आला आहे.